दुपारचा चमचा

त्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी कधी सुटणार हे मांजरी गावात कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. शहराला प्यायला लागतं म्हणून धरणातलं पाणी राखून ठेवलं होतं, आणि शहर तर दरवर्षी मांजरीच्या अंगावर येत चाललं होतं. मच्छिंद्रच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या गच्चीवरच्या टाक्या भरून वाहायला लागल्या की खाली वाफ्यात बसलेल्या माणसाला ते पाणी भिंतीवरून ओघळताना दिसायचं. मच्छिंद्रची मेथी मात्र विहिरीच्या तळाला उरलेल्या पाण्यावर तग धरून होती. कालव्याची पाळी आली की नवराबायकोनं दिवसभर रानात उभं राहून, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत दारं धरायची, पाळी हुकली तर वाफे वाळून जाणार, इतकं ते सरळ होतं.

घरात विजू आजारी होती, आणि तिथलं काहीच सरळ नव्हतं.

तिचं खरं नाव विजयमाला. आजोबांनी हौसेनं ठेवलेलं ते नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. पोर अभ्यासात बेताची, बोलायला फटकळ, पण जुडी बांधण्यात तिचा हात धरणारं वस्तीवर कुणी नव्हतं. उपटलेल्या मेथीची मुळं एका रेषेत धरायची, केळीच्या खोडाचं भिजवलेलं सोपट भोवती फिरवून पीळ द्यायचा आणि टोक आत खोचायचं. हे ती इतक्या झपाट्यानं करायची की मोठ्या बायका तिच्या शेजारी बसायला कंटाळायच्या. एखादीची जुडी सैल दिसली तर ही खुशाल सोडून पुन्हा बांधायची, वर चार शब्द सुनवायची.

दिवाळीत मांडी दुखते म्हणाली. आधी तेल लावून चोळली, मग शेकली, मग एका माणसाकडून हाड बसवून घेतलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेली तोवर मांडीच्या हाडातला आजार छातीत पोचला होता. बाटल्या चढल्या, केस गेले, आणि होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी मच्छिंद्रला बाजूला घेतलं. आता घरी न्या, म्हणाले. हा आजार हटणार नाही, पण तिला दुखणार नाही एवढं आम्ही बघू. मच्छिंद्रनं त्यातलं 'घरी न्या' एवढंच ऐकलं आणि परत येताना रिक्षात तो पोरीचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिला.

दुखणार नाही हे बघायला मेहरुन यायची. कॅम्पातली बाई, चाळिशीच्या पुढची, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधून स्कूटीवर यायची आणि वस्तीच्या तोंडाशी रस्ता संपतो तिथं गाडी लावून धुळीतून चालत यायची. ती दवाखान्याचीच नर्स, पण तिचं काम घरोघरी फिरून अशाच माणसांना बघायचं होतं. पहिल्या दिवशी सगळी वस्ती दारात गोळा झाली. मेहरुननं पिशवीतून सुई काढली नाही की बाटली टांगली नाही. विजूच्या बाजेवर बसली आणि तिला विचारलं, "कुठं दुखतं? मला तुझ्या बोटानं दाखव." मच्छिंद्रचे चुलते हिंदुराव दारातूनच म्हणाले, "सुई न्हाय, सलाईन न्हाय. नुसत्या गप्पा माराया आलीया व्हय?"

"हो तात्या," मेहरुन म्हणाली, "गप्पांसाठीच आले. तुम्ही जरा उजेड सोडून उभे राहता का?"

विजूला ती त्या क्षणी आवडली.

मेहरुननं बाज भिंतीपासून हलवून दाराकडे तोंड करून घेतली, म्हणजे पडल्या पडल्या वाफे दिसतील. बायडाबाईंचं, म्हणजे विजूच्या आजीचं, जुनं मऊ लुगडं घडी करून गुडघ्याखाली दिलं. पोरीची आई प्रेमला हिला पाय न ओढता कूस कशी बदलायची ते शिकवलं. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं तोंड आतून कसं पुसायचं तेही. बघायला येणाऱ्या बायका पोरीच्या उशाशी बसून हुंदके द्यायच्या, बिस्किटाचा पुडा ठेवायच्या आणि जाताना प्रेमलाला ऐकू जाईल असं म्हणायच्या की आईनं वेळेवर बघाय पाहिजे होतं. मेहरुननं त्यांना हाताला धरून अंगणात नेलं आणि सांगितलं की काय रडायचं ते इथं. प्रेमला चुलीमागं जाऊन बसली होती. तिच्या पाठीवर हात ठेवून मेहरुन नुसती उभी राहिली. त्या घरात प्रेमलाच्या पाठीवर कुणी हात ठेवून बरेच दिवस झाले होते.

आणि तिनं औषध दिलं. पातळ, बिनरंगी, महाकडू. दर चार तासांनी एक चमचा, दुखो वा न दुखो, चुकवायचा नाही. भिंतीवरच्या घड्याळावर तिनं प्रेमलाच्या डब्यातल्या लाल टिकल्या चिकटवल्या, काटा टिकलीवर आला की चमचा. सकाळ-संध्याकाळचे आणि रात्रीचे चमचे प्रेमलाकडे आले. दुपारी ती आणि मच्छिंद्र रानात असायची, तेव्हा दुपारचा चमचा बायडाबाईंच्या वाट्याला आला.

बायडाबाई बुटक्या, काटक, आयुष्यभर दुसऱ्याच्या आणि मग स्वतःच्या रानात वाकून पाठीला बाक आलेल्या. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "कशाचं म्हणायचं हे?"

मेहरुन खोटं बोलत नसे. "अफूच्या बोंडापासून होतं आजी. पण डॉक्टरांनी मोजून दिलंय."

बायडाबाईंनी पदर खोचला, बाटली फळीवर ठेवली आणि गोठ्यात गेल्या. मेहरुनला त्यात काही दिसलं नाही.

पहिले काही दिवस बरे गेले. मग प्रेमलाच्या ध्यानात आलं की गोधडीचा कोपरा दातांनी कुरतडलेला आहे. दुपारी रानातून आली की पोर घामानं निथळलेली असायची, बोलायची नाही. संध्याकाळचा चमचा गेला की हळूहळू माणसांत यायची. मेहरुननं विचारलं तर विजू म्हणायची, "दुपारी ऊन लागतं." मच्छिंद्रनं दारावर गोणपाट भिजवून टांगलं. तरी गोधडीचा कोपरा कुरतडलेलाच. औषध वाढवायला हवं, डॉक्टरांशी बोलते, असं मेहरुन म्हणाली. पण सकाळी अन् रात्री बरं आणि दुपारीच त्रास, हे काही तिच्या मनाला पटेना.

एकदा हडपसरचं काम लवकर उरकलं म्हणून ती न कळवता दुपारची आली. गोणपाटाच्या फटीतून आधी तिला बायडाबाई दिसल्या. त्यांनी फळीवरून बाटली काढली, चमचा काठोकाठ नीट भरला आणि चुलीतल्या राखेत ओतला. मग तोच चमचा माठात बुडवला, पाण्यानं भरून विजूच्या तोंडाशी नेला. विजूनं तोंड उघडलं, गिळलं आणि डोळे मिटून कडूजहर लागल्यासारखा चेहरा केला. इतका हुबेहूब की बायडाबाईंनी घाईनं तिच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला.

मेहरुन फटीशीच थांबली. आजी नातीला फसवत होती, आणि नात फसल्याचं सोंग करून आजीला सांभाळत होती. पोरीच्या कपाळावर शीर टरारली होती.

आत जाऊन तिनं काही विचारलं नाही. हात धुतले, बाटली घेतली, चमचा भरला, विजूला दिला. पाय नीट ठेवला, पाठीला उशी दिली आणि कपाळावरची शीर उतरेपर्यंत शेजारी बसली. मग हळूच विचारलं, "तुला कळत होतं?"

"आजीचं कडू नसतंय."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

विजूनं दाराकडे बघून घेतलं. "आजी देताना रडती. विचारलं तर लईच रडंल."

बायडाबाई शेवग्याखाली जाऊन बसल्या होत्या. पकडल्या गेलेल्या माणसासारख्या नव्हे. बोलावण्याची वाट बघत असल्यासारख्या. मेहरुन त्यांच्या शेजारी मातीतच बसली. 

"माझं पयलं लेकरू," बायडाबाई म्हणाल्या. "मच्छिंदरच्या आधीचं. पोरगी हुती. मळ्यात कामाला जायचो आमी. समद्याच बायका न्यायच्या अफू. नखावर घ्यायची, लेकराला चाटवायची आन् झोळीत टाकायचं. लेकरू रडाय लागलं तर मुकादम घरी घालवायचा. त्या दिशी मी खुरपत हुते. छातीला दूध दाटलं, चोळी भिजली. वाटलं, जाऊन पाजावं. मग म्हणलं, निजलीया तर निजू दे, येवढी खुरपायची पात उरकू."

त्यांनी हातातली शेवग्याची काडी मोडली.

"पात उरकून गेले," त्या म्हणाल्या. पुढं सांगायची गरज नव्हती.

"घरी काय सांगितलंत?"

"सटवीनं नेली म्हणलं. समद्यांनी व्हय व्हय केलं. ज्या बायकास्नी ठावं हुतं त्याबी गप बसल्या, त्यांचीबी लेकरं झोळीत हुती. मच्छिंदरच्या बापालाबी कधी सांगितलं न्हाय." मग त्या पहिल्यांदा मेहरुनकडे वळल्या. "आन् तेच तू आणून माझ्या हातात दिलंस बाई."

मेहरुनला स्वतःचा राग आला. आपण खरं बोललो म्हणून ती निश्चिंत होती. ते खरं कुणाच्या कानावर पडतंय हे तिनं बघितलं नव्हतं. तुमची चूक नव्हती, असं म्हणणं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. त्या बाईला असल्या वाक्याचा काही उपयोग नव्हता. ती म्हणाली, "आजी, मी आत्ता विजूला दिलंय. ती झोपेल. ती उठेपर्यंत मी इथून हलत नाही. तुम्हीही तिच्याजवळ बसा."

पुढच्या घरी उशीर होईल असा तिनं फोन केला. दोघी बाजेशी जाऊन बसल्या. विजू झोपली होती, तोंड किंचित उघडं. बायडाबाई घडीघडीला तिच्या नाकाशी तळहात धरायच्या. मेहरुननं त्यांना एकदाही अडवलं नाही. वेळ जावा म्हणून तिनं कोपऱ्यातली मेथी पुढ्यात ओढून जुड्या बांधायला घेतल्या. बायडाबाईंनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं, शेवटी राहवेना. "मुळं एका लेवलला धर की. आन् पीळ दे, निस्ती गाठ काय मारतीयास." मेहरुननं पीळ दिला. सोपट तुटलं.

ऊन दारातून मागं सरकलं. बायडाबाईंचा हात पोरीच्या नाकाशी होता तेव्हाच तिनं डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. तिची नजर मेहरुनच्या ढिगावर गेली.

"ह्या कुणी बांधल्यात? बाजारात जायच्या आधी सुटत्याल."

मग म्हणाली, भूक लागली. भाकरी नको, भाकरीचा नुसता पापुद्रा, करपलेला. बायडाबाई चुलीकडे गेल्या, तवा टाकला, आणि तव्यासमोर बसून तोंडात पदर कोंबून रडल्या.

औषधाऐवजी आपण पाणी पाजत होतो हे त्यांनी त्या संध्याकाळी सुनेला स्वतःहून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. प्रेमलानं हातातलं पातेलं आपटलं. माझ्या लेकराला तुम्ही तळमळत ठेवली आत्या, एवढं म्हणाली आणि पुढं सासूशी बोलायची बंद झाली. दुपारी रान सोडून ती स्वतः घरी यायला लागली. मेहरुननं तिला थोपवलं नाही, फक्त एकदा विजूच्या पाठीला तेल लावताना म्हणाली, "प्रेमलाताई, आजींना पुन्हा देऊ द्या. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. कारण मी सांगणार नाही, ती गोष्ट त्यांची आहे." प्रेमला हो म्हणाली नाही. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी ती घरी आली नाही.

त्या दिवशी मेहरुन मुद्दाम आली आणि दारात उभी राहिली. बायडाबाईंनी चमचा भरला. दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं. "देऊ का गं?" त्यांनी नातीला विचारलं.

"दे," विजू म्हणाली. गिळून तिनं खरंच तोंड वाईट केलं, सोंग केलं होतं त्याच्या निम्म्यानंही नाही. आजीला हसू आलं आणि पोरीलाही.

पुढं रोज बायडाबाई विचारायच्या आणि पोर 'दे' म्हणायची. ते दिवस, त्यातल्या त्यात, चांगले होते. विजू उशीला टेकून बसायची, पुढ्यात मेथी घ्यायची, थोड्याशा जुड्या बांधून दमायची. प्रेमला तिच्या जुड्या पाटीत वरच्या अंगाला लावायची. मच्छिंद्र बाजारातून आला की खोटं सांगायचा की गिऱ्हाइकानं विजूच्याच जुड्या आधी उचलल्या. पोर म्हणायची, "मग त्याच्या डोळ्याला दिसत असंल." मच्छिंद्र हसायचा आणि हात धुवायला म्हणून विहिरीकडे जायचा, आणि लवकर परत यायचा नाही.

मग पोरीला धाप लागायला लागली. पापुद्राही जाईना. जुडी हातात नुसती धरून बसायची. मेहरुन एका सकाळी बांधावरून चालत मच्छिंद्रकडे गेली. तो कुदळीनं पाट साफ करत होता.

"मच्छिंद्रभाऊ, आता फार दिवस नाहीत. या आठवड्यात काहीही होऊ शकतं."

मच्छिंद्र कुदळ मारत राहिला. "उद्या पाणी सुटणार म्हनत्यात," तो म्हणाला. "दवंडीवाला सांगून गेला. माझी पाळी सकाळपास्नं हाय." थोड्या वेळानं कुदळीवर हात टेकून म्हणाला, "मी काय करू ताई? घरात बसलो तर मला तिचा आवाज ऐकवत न्हाय. हितं आलो तर डोळ्यासमोरनं हलत न्हाय."

"पाणी धरा," मेहरुन म्हणाली. "पण जाताना तिला सांगून जा. आणि हाक मारली की येता येईल एवढंच लांब राहा."

दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. लाल, गढूळ, पालापाचोळा घेऊन ते पाटातून आलं तेव्हा भेगाळलेल्या जमिनीनं आवाज करून ते पिऊन टाकलं. मच्छिंद्र आणि प्रेमला पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून एका वाफ्याचं दार बांधत होती, दुसऱ्याचं फोडत होती. जाताना मच्छिंद्रनं पोरीला सांगितलं होतं. तिनं मान हलवली होती.

दुपार व्हायच्या आत विजूचा श्वास बदलला. थांबून थांबून, खोलवरून ओढल्यासारखा येऊ लागला. कपाळावरची शीर वर आली. बायडाबाईंनी शेजारच्या मुक्ताबाईला रानाकडे पिटाळलं आणि मेहरुनला फोन करायला सांगितलं. मग त्या पोरीजवळ बसल्या. नखं निळसर पडली होती. बायडाबाईंनी आयुष्यात कितीतरी मरणं बघितली होती. त्यांना सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

"आजे, दुखतंय," विजू म्हणाली.

घड्याळाचा काटा टिकलीला लागला होता. बायडाबाई उठल्या आणि फळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पोर आज जाणार, हे त्यांना कळलं होतं. आता चमचा दिला आणि ती गेली, तर पुन्हा त्यांच्याच हातून. जन्मभर पुन्हा तेच. नाही दिला, तर तेवढ्यात आईबाप येतील, पोर त्यांच्या मांडीवर जाईल. नाहीतर मेहरुन येईल. कुणीतरी येईलच. तोवर थोडा वेळ पोरीनं सोसलं तर. मागं विजू कण्हली. मोठ्यानं नाही, आजीला त्रास नको म्हणून दाबून कण्हली, तशीच जशी त्या सगळ्या दुपारी गोधडीत तोंड घालून कण्हली असेल.

बायडाबाईंनी बाटली काढली. चमचा भरला. एक थेंब सांडला नाही.

"तुझ्या आईबापाला बोलवलंय, येतीलच. थांबायचं का?" त्यांनी विचारलं. "का देऊ?"

"दे."

एकदम गिळता येत नव्हतं. गालाच्या आत थेंब थेंब सोडत, गळा चोळत त्यांनी सगळा चमचा दिला. मग पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोडक्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. हळूहळू शीर उतरली. मुठी सुटल्या.

मच्छिंद्र आणि प्रेमला धावत आली, चिखलानं भरलेली तशीच. विजूनं डोळे उघडले. बापाच्या पायांकडे बघून म्हणाली, "पाणी आलं?"

"आलं की."

"मेथीला?"

"व्हय बाळा. मेथीलाच धरलंय."

तेवढं ऐकून ती झोपली. प्रेमलानं तिला कुशीत घेतलं. मेहरुन आली तेव्हा नाडी बोटाला जेमतेम लागत होती. तिनं काही केलं नाही, ओठ तेवढे ओल्या फडक्यानं टिपले आणि प्रेमलाच्या पाठीशी आपली पाठ टेकून बसली, तिला आधार असावा म्हणून. दिवस कलताना श्वास थांबला. रानात दारं धरायला कुणी नव्हतं. पाणी वाफ्यावरून बांधावर चढलं आणि रस्त्याला लागून वाहत गेलं.

पोरीला आंघोळ आईनं, आजीनं आणि मेहरुननं घातली. दुखऱ्या पायाला तिघींनीही जपूनच हात लावला.

राख सावडून आल्यावर अंगणात माणसं बसली. बायका ओसरीला होत्या. मेहरुन आली होती, प्रेमलाचा हात धरून तिच्याजवळ बसली होती. बोलणं पाण्यावर गेलं, पावसावर गेलं, मग फिरून पोरीवर आलं. हिंदुराव तंबाखू मळत म्हणाले, "मी आधीच म्हणलो हुतो. त्या औषधात अफू हाय म्हनं. पोर बोलत हुती, चालत न्हवती पर बोलत हुती. दुपारचा चमचा पोटात गेला आन् सांजपत्तूर खलास. भल्या माणसानं इचार करावा."

 सगळ्यांनी मेहरुनकडे बघितलं. मच्छिंद्रनंही बघितलं, आणि त्याच्या नजरेत तो प्रश्न होता. प्रेमलाच्या हाताची पकड सैल झाल्याचं मेहरुनला जाणवलं. ती बोलायला उठणार तेवढ्यात बायडाबाई म्हणाल्या, "चमचा मी दिला."

"तुमाला काय ठावं वहिनी, तुमी आडाणी—"

"अफूनं मेलेलं लेकरू कसं दिसतं ते मला इचारा भावजी." बायडाबाईंचा आवाज चढला नव्हता. "माझं पयलं मेलंय तसं. सटवीनं न्हवती नेली. मी नखावर घिऊन चाटवली आन् खुरपाय गेले. तिनं मला कायबी सांगितलं न्हाय. हाक न्हाय, रडू न्हाय. मी गेले तवा गार पडली हुती." त्यांनी दम घेतला. "विजूला मी इचारलं. दिऊ का म्हणलं, ती दे म्हणाली. मग आईबापाला बघितलं, पाणी आलं का इचारलं आन् मग गेली. तिला तिच्या आजारानं नेली. कळ तेवढी मी नेऊ दिली न्हाय. ह्या बाईला कुणी काय बोलायचं न्हाय."

हिंदुरावांनी तंबाखू तोंडात टाकली नाही. बायकांच्या ओसरीतून एक म्हातारी हुंदका देऊन थांबली. ती बहुधा त्याच काळी मळ्यावर होती. मेहरुनला वाटत होतं उठून बायडाबाईंना धरावं, पण ती जागची हलली नाही. प्रेमला उठली, सासूजवळ जाऊन बसली आणि तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

माणसं पांगली. मच्छिंद्र आईसमोर येऊन उकिडवा बसला. त्याच्या पायांच्या भेगांत पाटातली माती अजून होती.

"कुठं पुरली तिला?" त्यानं विचारलं.

बायडाबाईंनी हनुवटीनं इमारतींकडे दाखवलं. "तितं आंब्याचं झाड हुतं. मळा गेला, झाडबी गेलं. आता गाड्या लावत्यात तितं. म्या एकडाव गेले हुते, तर वाचमननं गेटातनं परत लावली. भाजी इकायची असंल तर बाहीर बस म्हणाला."

"उद्या मी येतो संगं," मच्छिंद्र म्हणाला. "बघू कसा आडवतो."

"काय करायचं जाऊन? कळायचं बी न्हाय कुठली जागा ते." असं म्हणाल्या आणि मग बायडाबाई रडायला लागल्या. विजूसाठी त्या होळीपासून रडत होत्या, ते रडणं घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचं होतं. हे तसं नव्हतं. हे त्यांच्या पहिल्या पोरीसाठी होतं, आणि इतक्या वर्षांत तिच्यासाठी त्या पहिल्यांदाच रडत होत्या. आधी अशा रडल्या असत्या तर कुणीतरी खोदून विचारलं असतं आणि खरं तोंडून गेलं असतं. मच्छिंद्रनं आईचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तिला रडू दिलं.